मावशी, ही कुठली भाजी?

प्रस्तावना

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या चौकोनांत वर्षानुवर्षं दोनच गोष्टी लिहिल्या जायच्या, दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख. काही वर्षांपूर्वी एका जून महिन्यात मी त्या चौकोनांत रोजची भाजी लिहायला लागलो. पत्नीचं हिमोग्लोबिन आठावर आलं होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "घरात भाज्या कुठल्या कुठल्या होतात?" "सगळ्या होतात," ती म्हणाली, आणि मीही मान डोलावली. महिना संपला तेव्हा चौकोन मोजले. बटाटा अकरा दिवस, भेंडी पाच, फ्लॉवर पाच, कोबी चार, उसळ तीन, पालक दोन. फळांच्या नावाने केळी, आणि दवाखान्यातून येताना घेतलेली अर्धा किलो सफरचंदं. 'सगळ्या' म्हणजे एवढ्याच होत्या.

हे पुस्तक त्या चौकोनांतून निघालं. चैत्र ते फाल्गुन अशी त्याची बारा प्रकरणं आहेत. त्या त्या महिन्यात महाराष्ट्रात आणि गोव्यात मिळणारी भाजी कशी ओळखायची, तिला कुठे काय म्हणतात, निवडायची कशी आणि शिजवायची कशी, हे त्यात सांगितलं आहे. फळांचंही तसंच. कृती भरपूर आहेत, पण पुस्तक लिहायला घेतलं ते कृतींसाठी नाही.

या विषयावर आपल्याकडे बोलणं होतं ते उपदेशाचं. पालेभाज्या खा, फळं खा. ऐकणारा हो म्हणतो आणि संध्याकाळी घरी येताना पुन्हा अर्धा किलो भेंडी घेऊन येतो. त्याला आळशी म्हणणं किंवा जिभेचे लाड करणारा म्हणणं अन्यायाचं आहे. टोपलीतल्या बाकीच्या भाज्यांची त्याला नावंच ठाऊक नसतात, आणि नाव ठाऊक असलं तरी ती घरी नेऊन तिचं करायचं काय, हे ठाऊक नसतं. ताटात किती प्रकार येतात ते इच्छेपेक्षा ओळखीवर ठरतं, असं माझं मत झालं आहे. भाजीची ओळख तुटली की ती आधी हातातून जाते, मग ताटातून, मग बाजारातून आणि शेवटी बांधावरून.

माझी ओळख कशी तुटली होती ते मला एका शेवळ्याने दाखवलं.

पहिला पाऊस पडून गेला की डोंबिवली स्टेशनबाहेर कसारा-कर्जतच्या बाजूने आलेल्या बायका फुटपाथवर बसतात. ठाकूर असतात, कातकरी असतात. पुढ्यात सागाची पानं आणि पानांवर भाजीचे वाटे. त्या जूनमध्ये गोळ्यांची चिठ्ठी खिशात घेऊन मी त्यातल्या एकीसमोर थांबलो. तिच्यापुढे वीतभर लांबीचे दांडे होते, वरून तपकिरी-जांभळट वेष्टन घट्ट गुंडाळलेलं, न उमललेल्या कमळासारखं.

"मावशी, ही कुठली भाजी?"

"शेवळं. ही काकडं पण घे संगती, नाहीतर घसा धरंल."

काकडं म्हणजे बोराएवढी हिरवी, आंबट फळं. शेजारीच त्यांचाही वाटा होता. मला वाटलं, बाई जोडीला आणखी एक वस्तू विकते आहे. मी नुसती शेवळं घेतली, घरी चिरून कांद्यावर परतली, आणि जेवताना पहिल्याच घासाला आम्हा दोघांच्याही घशात सुया टोचल्यासारखं झालं. सगळी भाजी टाकावी लागली. ज्या माणसासाठी भाजी आणायची त्याच माणसाला मी रात्रभर खोकायला लावलं, याची टोचणी मला अजून आहे.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. एक शेवळं उचलून तिने अंगठ्याच्या नखाने वरचं वेष्टन सोललं, आतला दांडा मोकळा केला, त्याच्या बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग मोडून बाजूला टाकला आणि म्हणाली, "ह्यो खायाचा नाय." उरलेला दांडा बारीक चिरायचा, तेलात चांगला परतायचा आणि काकडं वाटून त्यांचा रस घालून शिजवायचा. काकडं नसली तर चिंच घाल म्हणाली, पण हात आखडू नको. जवळच्या फळवाल्याने हे ऐकलं आणि सांगितलं की त्यांच्याकडे त्यात सोडे घालतात. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि धडा संपला. सगळं मिळून तीनेक मिनिटं लागली असतील.

शेवळं, सुरण, अळू ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच जिभेला आणि घशाला बोचतात. नीट शिजवल्याने आणि आंबट घातल्याने त्यांचा त्रास कमी होतो. अळूच्या फतफत्यात चिंच आणि सुरणाला आमसूल आई का घालायची, हे मला पन्नाशी उलटल्यावर फुटपाथवर कळलं. ती चवीसाठी घालते असंच मी समजत होतो.

अशी हातातली विद्या जवळजवळ प्रत्येक भाजीला आहे. भारंगीचा पाला कडू, तो उकडून पाणी काढून टाकायचं. टाकळा घ्यायचा तो बोटभर उंचीचा, कोवळा. झाड गुडघ्याएवढं झालं की तो निबर झाला. फोडशी दिसते गवतासारखी, तिच्या पातीच्या बेचक्यात माती बसते, म्हणून ती तीन पाण्यांतून काढायची. अंबाडी उकडून पिळायची, तिच्यात कण्या घालायच्या आणि वरून लसणीची चरचरीत फोडणी. केळफुलाचं काम सगळ्यांत चिकाटीचं. हाताला तेल लावून एकेक फूल उघडायचं, आतला कडक दांडा आणि त्याच्या शेजारची पारदर्शक पाकळी काढून टाकायची आणि चिरलेलं फूल ताक घातलेल्या पाण्यात सोडायचं, म्हणजे काळं पडत नाही. वर्तमानपत्रातल्या चौकटीत छापलेल्या कृतीत 'केळफूल निवडून घ्यावे' एवढंच असतं. ज्याने निवडलेलं पाहिलेलं नाही त्याच्यासाठी ती कृती तिथेच संपते. म्हणून या पुस्तकात कृतीपेक्षा निवडण्याला जास्त जागा दिली आहे.

नावांचीही गोष्ट अशीच. कोकणात आणि मुंबईत जो टाकळा, तोच विदर्भात तरोटा आणि गोव्यात तायकिळो. करटोली कुठे कंटोली होतात, कुठे काटवल, गोव्यात फागलां. लाल भोपळ्याला कुणी डांगर म्हणतं, कुणी काशीफळ, कुणी गंगाफळ. नागपूरची सून पुण्यात आली आणि मंडईत तरोटा मागू लागली तर तिला नाहीच म्हणतील, भाजी समोर पडलेली असली तरी. त्यामुळे मला मिळाली तेवढी नावं प्रत्येक भाजीखाली दिली आहेत.

नावं चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बटाटा, कोबी, पपई, अननस, काजू हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या बोलीतून आले.  मिरची, टोमॅटो, रताळं, सीताफळ आणि आपण देवाच्या नैवेद्याला करतो तो लाल भोपळासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या आजीपणजींनी ही परकी पिकं ओळखून घेतली, त्यांना नावं दिली, उपवासाला चालतील की नाही ते ठरवलं. तेव्हा ब्रोकोली किंवा ड्रॅगन फ्रूट घरात आलं तर माझी काही तक्रार नाही. येऊ देत. फक्त ती विकत घेताना शेजारच्या टोपलीतल्या चाकवताकडे पाठ होऊ नये, इतकंच वाटतं.

आता बारा महिन्यांविषयी. पुस्तक इंग्रजी महिन्यांवर न बेतता मराठी महिन्यांवर बेतलं, याचं कारण आपले सणवार म्हणजे भाज्यांचं वेळापत्रकच आहे. हे ध्यानात आल्यापासून मी आपल्या व्रतांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो आहे. चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण वर्ज्य. पाळणारी घरं आता कमी झाली आणि पाळावंच असा माझा आग्रहही नाही. पण आषाढी एकादशीपासून हे तीन हुकमी जिन्नस काढून घेतले की स्वयंपाक करणाऱ्या हाताला दोडका, पडवळ, घोसाळं, भोपळा, सुरण यांच्याकडे वळावंच लागायचं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरताचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा घरात यायचं, तेव्हा त्याची गोडी काही वेगळीच लागायची. बारमाही वांगं खाणाऱ्याला ती गोडी कशी कळणार? आषाढी एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी द्वादशीला अनेक घरांत वाघाट्यांची भाजी करून उपवास सोडतात. वाघाटी काटेरी वेलीवर येते, तिचा हंगाम थोडा, चव कडसर. वर्षातून एकदा का होईना, तिचं नाव त्या दिवशी घेतलं जातं आणि रानातून ती कुणीतरी काढून आणतं.

भाद्रपदात तर या वेळापत्रकाचा कळस आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही, परसात, कुंपणावर, हाताने खणलेल्या आळ्यात जे आलं ते चालतं. मग ऋषीच्या भाजीत काय काय पडतं ते पाहा. अळूची पानं आणि देठी, लाल माठ, अंबाडी, पडवळ, दोडका, भोपळा, काकडी, भेंडी, सुरण, रताळं, कच्ची केळी, कोवळ्या मक्याचे तुकडे. मसाला बेताचा, ओलं खोबरं सढळ, चवीला चिंच. माझ्या आईची ही भाजी पितळी पातेल्यात शिजायची. आधी कंद, मग शेंगा आणि फळभाज्या, शेवटी पाला, अशा क्रमाने ती एकेक मूठ सोडायची आणि प्रत्येक मुठीबरोबर नाव घ्यायची. आम्ही पोरं चुलीजवळ बसून ती मोजायचो. कुणाची एखादी राहिली तर शेजारून मागून आणायची, कारण आज सगळ्यांकडे हीच भाजी. एका पातेल्यात कंद, पाला, फळ, शेंग सगळं आलं आणि आम्हाला त्यांची नावं पाठ झाली, ती अभ्यास म्हणून कुणी न शिकवता.

गोव्यात आणि तळकोकणात चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, तिला माटोळी म्हणतात. तिच्यावर नारळ, सुपारी, केळ्यांचे घड, काकड्या, भोपळे, दोडकी आणि रानातून शोधून आणलेली फळं-फुलं बांधतात. आदल्या दिवशी घरातली मोठी माणसं मुलांना घेऊन रानात जातात आणि कुठली वेल, कुठलं फळ ते दाखवतात. त्याच गोव्यातलं खतखतं घ्या. तूरडाळीत पाच-सात भाज्या, ओलं खोबरं आणि तिरफळांचा वास. कोकणीत आणि मराठीत अशा मिसळीच्या भाज्या किती आहेत त्याची मोजणी कुणीतरी करायला हवी.

पौषात भोगी. सोलाणे, पावट्याचे दाणे, ओली तूर, घेवडा, गाजर, वांगी, काही घरी बोरं आणि उसाचे करवेसुद्धा, वर तिळाचं कूट, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. रायगडात त्याच दिवसांत शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मडकं उलटं घालून भोवती जाळ. उन्हाळ्याची प्रकरणं त्या मानाने लहान आहेत. कैरी, फणसाची कुयरी, काजूचे ओले गर, शेवग्याच्या शेंगा, करवंदं, जांभळं, ताडगोळे. त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, ती दिसली की माणूस थांबतोच. विदर्भात आणि खानदेशात मात्र उन्हाळ्यातलं मोठं काम वाळवणाचं. हरभऱ्याचा पाला, मेथी, गवार ऐन हंगामात वाळवून ठेवायची, म्हणजे भाजी महाग होते तेव्हा घरात असते.

आता शास्त्र काय म्हणतं ते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहारसूत्रं काढली त्यांत पालेभाज्यांसह भाज्या 400 ग्रॅम आणि फळं 100 ग्रॅम असा रोजचा हिशेब आहे. माझ्या चौकोनांतले बटाट्याचे अकरा दिवस या हिशेबात शून्य होते. 400 ग्रॅम ऐकून छाती दडपते, पण हे वजन कच्च्या भाजीचं आहे. माठाची जुडी निवडून परतली की एवढीशी होते. दुपारी पालेभाजीची एक वाटी, रात्री फळभाजीची एक आणि दोन्ही वेळा काकडी-मुळा-गाजराची कोशिंबीर असली की मजल बरीच जवळ येते.

पण मग रोज 400 ग्रॅम भेंडीच का खाऊ नये? कारण कुठल्याही एका भाजीत सगळं नसतं. लाल भोपळ्यात आणि गाजरात बीटा कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, आणि ते अंगी लागायला ताटात थोडं तेल-तूप असावं लागतं. पालेभाज्यांत फोलेट. जांभूळ, जांभळा कोबी यांच्या रंगद्रव्यांचा गट निराळा. आपण तण म्हणून उपटून टाकतो त्या घोळीत ओमेगा-3 गटातलं स्निग्ध आम्ल सापडतं, पालेभाजीत एरवी ते इतकं सहसा नसतं. पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी उचलत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त उचलतं. म्हणजे माठावर पिळलेलं लिंबू किंवा जेवणानंतरचा पेरू. तोच माठ जेवणाला लागून घेतलेल्या चहाबरोबर बराचसा वाया जातो, चहा लोहाला अडवतो. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या रेषेखाली आहेत, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. माझ्या पत्नीचं रक्त वाढलं ते मुख्यतः गोळ्यांनी, हे स्पष्ट सांगतो. भाजीने गोळी सुटत नाही. पण गोळ्या थांबल्यानंतर पुन्हा आठावर यायचं नसेल तर ताटाला काम करावं लागतं.

आतड्यातल्या जिवाणूंवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, दहा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा जिवाणूंची विविधता जास्त आढळली. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. तरी तो तीसचा आकडा वाचून मला पहिलं आठवलं ते आईचं पितळी पातेलं. तीसमधल्या बारा वनस्पती एका भाजीत.

फळांबाबत आपण विनाकारण गरीब झालो आहोत. आजाऱ्याला भेटायला जायचं तर सफरचंद, पाहुणा आला तर सफरचंद. मला ते आवडतं, पण पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं आणि आवळ्यात त्याहूनही जास्त, आणि दोन्ही सफरचंदापेक्षा स्वस्त. बोरं, जांभळं, कवठ, करवंद, तुती, जाम ही फळं शाळेच्या दारात मिळतात तोवर मुलं खातात, मोठी झाली की विसरतात. पुरंदरची अंजिरं, घोलवडचा चिकू, बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव टिकतं, पण झाड टिकायचं तर हंगामात गिऱ्हाईक यावं लागतं.

एक गोष्ट या विषयावरच्या पुस्तकांत क्वचित लिहिलेली दिसते. पूर्वीच्या ताटातली विविधता बायकांच्या वेळेवर उभी होती. चाकवताची जुडी निवडायला वीस मिनिटं, हरभऱ्याचा पाला खुडायला त्याहून जास्त, केळफुलाला तर अख्खी दुपार. तो वेळ कुणी मोजला नाही. बाई नोकरीला जाऊ लागली आणि निवडणं मात्र तिच्याच वाट्याला राहिलं, तेव्हा तिने फ्लॉवर आणला, यात तिचं काय चुकलं? ज्या घरात भाजी निवडायला एकच माणूस बसतं त्या घरात पालेभाजी टिकत नाही. आमच्या घरी आता संध्याकाळच्या बातम्या लागल्या की जुडी माझ्यापुढे येते. शेपूची काडी कुठे मोडते आणि कुठे नुसती वाकते यावरून कोवळं-जून कळतं. मोडली तर ठेवायची, वाकली तर टाकायची. हे कळायला मला एक हिवाळा लागला. मुलगा आधी नुसता बघायचा, आता मेथी खुडतो. या पुस्तकात निवडण्याविषयी मी त्याच्यासारख्यांसाठी आणि माझ्यासारख्या पुरुषांसाठी मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

बाजाराची बाजूही आहे. दूरच्या मळ्यातून टेम्पोत, तिथून मोठ्या बाजारात, तिथून आपल्या गल्लीत येईपर्यंत जी भाजी टिकते तीच सगळीकडे दिसते. कोबी टिकतो, अंबाडी दुपारपर्यंत माना टाकते. म्हणून अंबाडी फक्त जवळच्या खेड्यातून आलेल्या बाईकडे मिळते. तिच्याकडून घ्यायची असेल तर सकाळी जावं लागतं आणि घासाघीस न करता घ्यावं, असं मला वाटतं. तो वाटा रानातून आणायला तिने पहाटेची पायपीट केलेली असते. बियाण्याचंही तसंच. संकरित बी दर हंगामाला विकत आणावं लागतं, गावठी बी घरी राखता येतं, पण ते कुणीतरी राखावं लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासारख्या गावठी वाणांचं बी मडक्या-गाडग्यांत जपलं, शेजारणींना दिलं, आणि त्या कामासाठी 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना कुठल्या शेंगेचा दाणा कसा, हे पाठ आहे. कृषी विभाग आता पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. आपल्या जिल्ह्यातला कधी आहे ते पाहून मुलांना घेऊन जावं. तिथे भाजी करणाऱ्या बाया समोर असतात आणि विचारलेलं सांगतात.

थोडी सावधगिरीची गोष्ट. या पुस्तकातली चित्रं पाहून रानात जाऊन पाला तोडू नका. जाणत्या माणसाबरोबर जा किंवा विकणारीकडून घ्या, आणि नवी भाजी पहिल्यांदा थोडी खा. दुधीचा तुकडा चिरल्यावर जिभेला लावून पाहावा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यावा. तो कडूपणा कुकुरबिटासिनचा असतो आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. भाजी चिरण्याआधी वाहत्या पाण्यात धुवावी, चिरल्यावर नाही.

पुस्तकातल्या बहुतेक कृती मला बायकांनी सांगितल्या आहेत. कुणी गाडीत, कुणी मंडईत, कुणी लग्नाच्या पंगतीत. बऱ्याच जणींनी 'माझं नाव कशाला घालता' म्हणून थांबवलं, म्हणून नावं घातलेली नाहीत. मापं त्यांचीच ठेवली आहेत, मूठ, ओंजळ, चिमूट, नारळाची कवड. ग्रॅममध्ये करून पाहिलं, चव बिघडली.

दिनदर्शिकेवर भाजी लिहायची सवय अजून आहे. गेल्या जूनमध्ये पत्नीच्या माहेराहून, बार्शीहून, चिघळीची एक पिशवी आली. घोळीच्या कुळातली, पण पानं अगदी बारीक, जमिनीलगत पसरणारी, मातीने भरलेली. आम्हाला जास्त झाली म्हणून त्यातली थोडी ओल्या फडक्यात बांधून स्टेशनवर घेऊन गेलो. मावशी तिच्या जागेवर होती, शेवळं संपत आली होती. मी फडकं तिच्या पुढ्यात उघडलं. तिने एक काडी उचलली, दोन बोटांत फिरवली, पान चुरगाळून वास घेतला, दाताखाली धरून पाहिली.

"ही कुठली भाजी रं दादा?"

चिघळ, मी म्हणालो. चार पाण्यांतून धुवायची, बारीक चिरायची, लसणीच्या फोडणीवर घालायची आणि वर ज्वारीचं पीठ पेरायचं. पाणी घालायचं नाही, तिचं तिलाच सुटतं. "पीठ ज्वारीचंच?" तिने विचारलं. "आमच्याकडं नागली असती." नागलीचं घालून बघ म्हणालो, आणि मला कसं झालं ते सांग. तिने फडक्याची गाठ मारून ते टोपलीच्या तळाशी ठेवलं आणि कसाऱ्याची गाडी लागली म्हणून उरलेले दोन वाटे मला एकाच्या भावात दिले.